दोन भिंगांचा कॅमेरा

सिस्टरने कॅमेरा घेतला तो एका शनिवारी, ड्यूटीवरून घरी परतताना. पण तो घ्यायचं तिच्या मनात अडतीस वर्षं होतं.

हॉस्पिटलात सगळे तिला सिस्टर म्हणत. चिमी म्हणणारा आता एकटा दादा उरला होता. दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. एके काळी गावातला एकुलता एक फोटो स्टुडिओ त्याचा होता, आणि त्या स्टुडिओत दोन भिंगांचा एक कॅमेरा होता. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, असा. चिमीला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्याच महिन्यात दादाने तो विकला, तिची फी भरली, स्टुडिओला कुलूप लावलं आणि छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर नोकरी धरली.

"तुझ्यासाठी दादानं पोटापाण्याचा कॅमेरा विकला हो," हे आई मरेपर्यंत सांगत राहिली. पाहुण्यांपुढे सांगायची, भांडणात सांगायची, चिमीचं कौतुक करतानाही सांगायची. चिमीने ते मनात धरून ठेवलं. दादाच्या घराचं छप्पर असो की वहिनीचं ऑपरेशन, तिने कधी हात आखडता घेतला नाही. तिशीत असताना समुद्रापलीकडच्या एका हॉस्पिटलातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं. आठ दिवस तिने ते उशीखाली ठेवलं आणि मग फाडून टाकलं. दादाला सोडून जाणं तिच्या जिवावर आलं. लग्नाचं वय तर त्याच्या आधीच निघून गेलं होतं.

निवृत्तीला पाच महिने उरले होते. जुन्या सामानाच्या दुकानात, शिलाई मशीन आणि टेबलफॅनच्या मधे तिला तो दिसला. अगदी दादाचा होता तसाच.

"शोभेची वस्तू आहे, बाई," दुकानदार म्हणाला. "दिवाणखान्यात ठेवा, चारचौघं विचारतील."

"चालतो का?"

"आता चालवायला कुणाला वेळ आहे!"

त्याने सहा हजार सांगितले, ती पाचावर अडून बसली आणि शेवटी पाचाला तो जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेऊन बाहेर पडली. चोरी केल्यासारखी पिशवी तिने छातीशी धरली होती.

घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा बाजारामागच्या जिन्याखाली बसायचा. लोक त्याला काटेवाले म्हणत. त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, एका बाजूने टॉर्च मारला आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावला. मग शटर एक सेकंद उघडं राहील असं लावून बटण दाबलं. आतून खर्रर्र आवाज आला, मधेच थांबला आणि बऱ्याच वेळाने टक्‌ झालं.

"केवढ्याला घेतलात?"

"पाच हजार."

"मग आणखी पाच बाजूला काढून ठेवा. जुना कॅमेरा घेणारे इथेच फसतात. सगळे पैसे दुकानात मोजून येतात आणि माझ्याकडे येताना नुसती आशा घेऊन येतात." त्यांनी पेन्सिल घेतली. "शटरमधलं तेल वाळून चिकट झालंय, ते सगळं खोलून धुवायचं, दीड हजार. आरसा काळवंडलाय, तो बदलायचा, आठशे. आणि भिंगात बुरशी आहे. हे बघा, कोळिष्टकासारखी. ती काढायचे दोन हजार, पण हमी देणार नाही. बुरशी निघेल. तिनं काच खाल्ली असली तर ते काही भरून येत नाही. उरतील त्यात दोन-तीन रोल आणि त्यांची धुलाई."

सिस्टर त्या आकड्यांकडे बघत राहिली. हॉस्पिटलात ती रोज नातेवाइकांना असाच खर्च समजावून सांगायची, आधी जमतील तेवढे भरा, मग बाकीचे.

"चालवणार कोण?" काटेवाल्यांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"मग त्यांना एकदा घेऊन या. मांडूनच ठेवणार असतील तर आरसा बदलून देतो, आठशेत मोकळ्या व्हाल. उगीच खर्चात कशाला पडता?"

पुढच्या शनिवारी ती दादाला घेऊन आली. कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. एकाहत्तरीचा दादा काठी टेकत, कुरकुरत जिन्याखाली वाकला, आणि टेबलावर उघडून ठेवलेला कॅमेरा बघून आहे तिथेच उभा राहिला.

"या, बसा," काटेवाले म्हणाले. "तुमचं मशीन आहे." त्यांनी शटर दाबून दाखवलं. "थोडं मोकळं केलंय. आता एक सेकंद बरोबर पडतोय की नाही?"

"नाही," दादा म्हणाला. त्याने कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता. "दीड आहे. वर थोडा जास्तच."

काटेवाल्यांनी आश्चर्याने मान वर केली. सिस्टरला हसू फुटलं. तिला वाटलं, आता दादा पुढे होईल, कॅमेरा उचलेल, पोटाशी धरेल. पण दादा वळला आणि काठी आपटत बाहेर गेला.

बाहेर भिंतीला लागून एक बाक होतं. त्यावर तो बसला होता. तिने विचारलं, "काय झालं? बरं वाटत नाही का?" सवयीने तिने त्याचं मनगट धरलं. त्याने हात सोडवून घेतला.

"कशाला घेतलंस हे, चिमे?"

"कशाला म्हणजे? माझ्यापायी तू विकलास, मग मीच..."

"तुझ्यापायी नाही विकला."

ती बाकाच्या कडेला बसली.

"तुला आठवतं, कारखान्यात बॉयलर फुटला होता? तू बारावीत होतीस." दादा समोरच्या नळाकडे बघत बोलत होता. "पोलिसांना प्रेतांची ओळख पटवायला फोटो लागायचे. गावात फोटोवाला मी एकटाच. एरवी महिन्यातून एखादा असायचा, नदीत सापडलेला, रस्त्यावर पडलेला. त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये अकरा होते. बाकांवर ठेवलेले. त्या कॅमेऱ्यात मान खाली घालून बघावं लागतं ना? विहिरीत वाकून बघितल्यासारखं एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं मी. दोघं माझ्याकडून फोटो काढून घेतलेले निघाले."

"तू घरी काही बोलला नाहीस."

"काय बोलणार? पुढे वर्षभर धंदा केला तसाच. पण एका लग्नात मी नवरीला म्हटलं, हलू नका. आपण म्हणतो तसंच, रोजचं. आणि ती खरंच हलली नाही. वरच्या काचेत ती बसली होती गप्प, डोळे उघडे. मला दरदरून घाम फुटला. हातातून कॅमेरा सुटायचाच बाकी होता. त्यानंतर ते दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. आता हलू नका न म्हणता फोटो कसा काढायचा, सांग!" तो जरासं हसला, पण ते हसू लगेच विरलं. "गिऱ्हाईक आलं, कॅमेरा विकला. पैसे हातात होते, तुझी फी भरायची होती. दोन्ही एकाच आठवड्यात झालं, एवढंच."

"आणि आई?"

"आईनं तिच्या मनानं गोष्ट जुळवली. मी नाही म्हटलं नाही." त्याचा आवाज खाली गेला. "भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा त्यागी म्हणवून घेणं बरं वाटायचं, चिमे."

सिस्टर बाकावरून उठली. अकरा जणांचं ऐकून तिला दादाची कणव येत होती, आणि त्याच वेळी मस्तकात संतापाची तिडीक गेली होती. तिने रिक्षा बोलावली, दादाला आत बसवलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि स्वतः पायी घरी गेली.

तीन आठवडे तिने फोन केला नाही. वहिनीचा फोन आला तेव्हा ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. कामावर असताना मधेच तिला ते फाडलेलं पत्र आठवायचं. निळ्या शाईची सही, खाली शिक्का.

मग काटेवाल्यांचा निरोप आला. काम अर्धवट पडलंय, पुढे काय करू?

ती जिन्याखाली गेली. टेबलावर भिंग उतरवून ठेवलं होतं. काटेवाले म्हणाले, "भाऊ चालवणार नाहीत, हे मी ओळखलंय. दुकानदाराला परत देता का? तीन हजारांपर्यंत घेईल."

तिने भिंग उजेडात धरलं. कडेला बुरशीचा बारीक जाळीदार ठसा होता. तो जाणार नव्हता.

"सगळं करा," ती म्हणाली. "शटर, आरसा, भिंग. ठरलंय तेवढ्यात बसवा."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

पहिला रोल तिने वॉर्डात काढला. बारा फोटोंचा. सगळ्यांना विचारून, दुपारच्या वेळी, खिडकीच्या उजेडात. शिकवायला कोणी नव्हतं. कुठल्या उजेडाला शटर किती ठेवायचं त्याचे चार आकडे काटेवाल्यांनी कागदावर लिहून दिले होते तेवढेच. सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिला भेटायला कधी कोणी येत नसे. ती म्हणाली, "माझा काढतेस? थांब, दात लावते." दात लावले आणि मग आपल्याच थाटाला इतकी हसली की दात निसटायला आले. त्याच क्षणी सिस्टरने बटण दाबलं.

रोल धुऊन आला तेव्हा बारातले पाच बरे होते. ते घेऊन आणि कॅमेरा खांद्याला अडकवून ती रविवारी दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं आणि काही न विचारता आत चहा ठेवायला गेली.

दादाने चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेले. पहिले दोन बाजूला ठेवत म्हणाला, "हात हललाय. बटण दाबताना श्वास धरत जा." तिसऱ्यावर नुसती मान डोलावली. चौथा म्हातारीचा होता. तो त्याने बराच वेळ धरून ठेवला.

"ही कोण?"

"सात नंबर. मंगळवारी गेली."

दादाने मान हलवली. पुन्हा फोटोकडे बघितलं. "मला ते अकरा गेल्यावर भेटले," तो म्हणाला.

चहा आला. दोघांनी तो घेतला. मग कप खाली ठेवून दादा म्हणाला, "तुझ्या त्या नोकरीचं मला ठाऊक होतं. आईला उशीखाली पत्र सापडलं होतं, तिनं मला दाखवलं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं."

हॉस्पिटलात दिवसातून दहा वेळा लोक सिस्टरची माफी मागायचे आणि ती दहाही वेळा, जाऊ दे हो, म्हणायची. ते शब्द तिच्या ओठावर आले.

"हवं होतं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाला.

वहिनी कप उचलून गेली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सिस्टरने पर्समधून नवा रोल काढला, कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"हा कसा भरायचा ते दाखव," ती म्हणाली. "मागच्या वेळी पहिला फोटो वाया गेला."

दादाने चष्मा नीट बसवला. मग अंगठ्याने खालची कळ फिरवून झाकण उघडलं.