नंतर बसवायचा भाग

खुंटी सुरेख जमली होती. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, पांढरी, टोकाला जराशी निमुळती, आणि करड्या कॉकपिटच्या कुशीला अशी चिकटून बसलेली की भिंगातून पाहताना चिनामीला आपल्याच बोटांचं कौतुक वाटलं. दुसऱ्या कुशीलाही तशीच एक. काल दुपारी इतोका झोपली होती तेवढ्या पाऊण तासात तिने प्लास्टिकच्या बारीक काडीचे दोन तुकडे कापले, पॉलिश पेपरवर घासले, पातळ सोल्युशनच्या एकेका थेंबाने डकवले आणि श्वास रोखून बसली. आठ महिन्यांच्या मुलीच्या आईला श्वास रोखायचा सराव असतोच म्हणा. झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून हात काढून घेताना दुसरं काय करतो आपण?

औषधाच्या डबीत ठेवलेलं हे कॉकपिट तिला मिळालं तेव्हा त्याला खुंट्याच नव्हत्या. मोडलेलं नीट केलं, एवढंच तिच्या मनात होतं. तात्सुओ-सानचं मोडलेलं काहीतरी मी नीट केलं.

आता फक्त ते आत बसवायचं होतं.

विमान जुन्या टॉवेलवर पोट वर करून निजलं होतं. तोबिउओ. उडता मासा. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा टीव्ही मालिकेतलं अंतराळात लढणारं विमान, पुढे झुकलेल्या पंखांचं, शेपटीशी दोन मोठी नळकांडी असलेलं, जगाच्या पाठीवर कधीच कुठे न उडालेलं. आणि तरी तात्सुओ-सानने, तिच्या आईच्या दुसऱ्या नवऱ्याने, त्याच्या पोटावर तेलाचे ओघळ काढले होते, पंखांच्या कडांवर रंग उडाल्याचे टवके, नळकांड्यांमागे काजळी. कधीच न उडालेल्या विमानावर उडून आल्याच्या खुणा... गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा आणि हिवाळा त्यांनी यात घातला. आणि जानेवारीत एका सकाळी न्याहारीच्या वेळी चॉपस्टिक हातातून पडल्या, त्या उचलायला हात खाली गेलाच नाही. उजवा हात, आणि अर्धी जीभ.

"फक्त... कॉकपिट बसव," मागच्या आठवड्यात ते म्हणाले होते. "बाकी... झालंय."

शिझुओकात मे महिन्यात मॉडेलवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तात्सुओ-सानच्या मंडळाचं टेबल तिथे एकतीस वर्षं लागतंय, आणि एकतीस वर्षांत त्यांची जागा एकदाही रिकामी राहिलेली नाही. उद्या, शनिवारी, इस्पितळाने त्यांना दोन तासांची सुट्टी दिली होती. चाकांच्या खुर्चीतून. आणि आज चार वाजता मंडळाचे इनागाकी-सान विमान न्यायला येणार होते. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. इतोका शेजारच्या गादीवर दोन्ही मुठी डोक्याशी घेऊन झोपली होती, हात वर करून शरण आल्यासारखी.

चिनामीने चिमट्यात कॉकपिट धरलं आणि विमानाच्या पोटातल्या चौकोनी भोकाशी नेलं. गेलं नाही. तिरकं करून पाहिलं. एक खुंटी आत गेली, दुसरी कडेला अडली. जरा दाबलं, तर कुठूनतरी इतका बारीक आवाज आला की तिने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग तिने किटसोबत आलेला कागद उघडला. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. तिसरी पायरी: कॉकपिटच्या खुंट्या धडाच्या दोन अर्धुकांमधल्या खाचांत बसवा. चौथी पायरी: दोन्ही अर्धुकं चिकटवा.

तिने विमानाकडे पाहिलं. अर्धुकं चिकटवलेली होती. नुसती चिकटवलेली नाहीत — पुट्टी भरून, घासून, परत भरून, परत घासून त्यांच्यामधली रेघ अशी पुसून टाकलेली की हे धड कधी दोन होतं यावर कुणाचा विश्वास बसू नये. त्यावर तीन हात रंग. म्हणजे त्यांनी तिसरी पायरी सोडून चौथी केली होती.

चाळीस वर्षं ही कामं करणारा माणूस.

सप्टेंबरात... सप्टेंबरातच धड चिकटवलं होतं त्यांनी. ती तेव्हा नऊ महिन्यांचं पोट घेऊन आली होती, ते खोलीतून बाहेरही आले नव्हते, नुसते म्हणाले होते, थांब, रेघ घासतोय. म्हणजे तेव्हापासूनच? तेव्हापासूनच आत काहीतरी निसटत होतं, पायऱ्या मागेपुढे होत होत्या, खुंट्या हातात मोडत होत्या, आणि हा माणूस मोडलेलं कॉकपिट गुपचूप औषधाच्या डबीत घालून, झाकण लावून, कुणाला काही न सांगता... आणि आम्ही? आम्ही बाळाच्या अंगड्या-टोपड्यांचे रंग निवडत होतो.

तिने पात्याचा चाकू उचलला. रेघ कुठे होती हे तिला माहीत होतं. नाकापासून सरळ मागे. पातं हळूहळू फिरवलं, तर धड उकलेल कदाचित. रंग जाईल. काजळी जाईल. पण कॉकपिट बसेल, मग परत चिकटवू, परत घासू, चार वाजेपर्यंत जमेल तितकं... पात्याचं टोक नाकावर टेकलं. तेवढ्यात इतोकाने झोपेत मोठा उसासा टाकला, एखाद्या म्हाताऱ्यासारखा, सगळं जग बघून कंटाळल्यासारखा, आणि चिनामीला हसू आलं. हसता हसता तिने चाकू खाली ठेवला. नाही. आधी विचारू. फार तर त्यांना वाईट वाटेल. विचारायलाच हवं.

फोन आईने उचलला. "काय गं, इतोका बरी आहे ना?"

"झोपलीय. त्यांच्याशी बोलायचंय जरा."

"आत्ताच व्यायामाहून आलेत. बोटांनी एकेक वाटाणा उचलायला लावते ती पोरगी, तर हे म्हणतात कसे, चिमटा द्या, शंभर उचलतो. हसून हसून लाल झाली बिचारी. घे, बोल."

मग श्वास. फोनवर त्यांचा श्वास आधी यायचा, शब्द मागून.

"हं."

"तात्सुओ-सान..." तेवीस वर्षं ती त्यांना हेच म्हणत आली होती. शेजाऱ्याला म्हणावं तसं. "ते कॉकपिट आत जात नाहीये. म्हणजे, धड आधीच चिकटवलंय ना, आणि खुंट्या मोडल्या होत्या म्हणून मी नव्या बसवल्या, तर आता..."

"नव्या... खुंट्या?"

"हो."



"चांगल्या... झाल्यात?"

"चांगल्या झाल्यात."

आणि ते हसले. अर्ध्या तोंडाने हसलेलं फोनवरही कळतं, हवा एका बाजूने निसटते. पण ते हसणं बावचळलेल्या माणसाचं नव्हतं, तिला तत्क्षणी कळलं. शिष्याने मीठ समजून साखर घातली की स्वयंपाकी हसतो, तसं होतं.

"मोडल्या... नव्हत्या. कापल्या. मी. अतो... अतोहामे."

चिनामीचा हात भिंगाच्या दांड्यावर होता. तो तिथेच राहिला.

"काय म्हणालात?"

"अतोहामे. नंतर... बसवायचं. माहीत नाही... तुला?" आवाजात आता चक्क शिकवणीचा मास्तर होता, जीभ अडखळत होती तरी. "कागदातलं ऐकलं... तर कॉकपिट आधी कोंबावं लागतं. मग त्याच्यावर पुट्टी... घासल्याची धूळ... सगळ्यांचे डाग त्याच्यावर. म्हणून खुंटी कापायची. जागा... आधी करून ठेवायची. पोटातून. मग धडाचं जे काय... रंग, घासणं... ते होऊ द्यायचं. कॉकपिट बाहेर. डबीत. स्वच्छ. आणि मग..." श्वास. "येतं ते. सुटतही नाही."

अतोहामे.

नऊ वर्षांची होती ती. आईबरोबर या घरात येऊन महिना झाला असेल. स्वयंपाकघराचं सरकतं दार बोटभर उघडं होतं आणि पलीकडे आई हळू आवाजात म्हणत होती, अजून तुम्हाला काही म्हणतच नाही हो ती, नुसतं 'ऐका ना' म्हणते, तुम्हाला वाईट वाटत असेल. खरखर चालली होती कानशीची, ती थांबली. आणि ते म्हणाले, "त्या पोरीचं अतोहामेच बरं." खरखर परत सुरू झाली.

अतो म्हणजे नंतर. तेवढंच कळलं होतं तिला. नंतर म्हणजे उरलं तर, जागा राहिली तर, आधी ते दोघं, मग घर, मग विमानं... आणि मग ही. ते ऐकून ती दाराशी किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, पायाखालच्या ताटामी चटईची वीण मात्र तिला अजून आठवते. तिने कुणाला काही विचारलं नाही. त्यांच्या खोलीत ती पुढे वीस वर्षं पाऊल टाकणार नव्हती, त्या वासाची ॲलर्जी आहे असं तिने स्वतःलाच पटवलं होतं. आणि ते? शिकवणीहून रात्री आणायला ते सायकल घेऊन यायचे आणि सायकलवर कधी बसायचे नाहीत. मागे बस म्हणाले तर ही बसणार नाही, आणि स्वतः बसले तर हिला मागून चालावं लागेल, म्हणून सबंध रस्ता सायकल हाताने ढकलत, दोघांच्या मध्ये ठेवून. काही बोलायचे नाहीत. तिच्या डब्यातली अंड्याच्या पोळीची गुंडाळी कोण करतं हे तिला सोळाव्या वर्षी कळलं. लग्नाच्या वेळी वडिलांच्या जागी उभं राहायचं का, असंही त्यांनी विचारलं नव्हतं, नुसता कोट इस्त्री करून दाराला अडकवून ठेवला होता. तिने म्हटलं तर घालायला. आणि ते सगळं तिने... मी ते सगळं मोडलेलं समजत आले. त्यांच्या-माझ्यात खुंटीच नाही, असं.

"चिनामी?"

"हो. आहे मी." "तो शब्द... फक्त विमानांसाठीच असतो का?"

त्यांनी खरोखर विचार केला. श्वासावरून कळत होतं.

"नाही," ते म्हणाले. "रणगाड्याच्या... चाकांना पण."

पलीकडे आई काहीतरी म्हणाली आणि फोन ठेवला गेला.

आठवत असेल का त्यांना ते दार, ती रात्र? की खरंच चाकंच आठवली? विचारता येईल उद्या. किंवा नाही विचारायचं... डोळे भरले होते आणि भिंगातून सगळंच, विमान, टॉवेल, पिवळा कागद, पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. मग तिने बाहीने नाक पुसलं, कटर घेतला आणि स्वतःच्या सुरेख खुंट्या मुळापासून छाटून टाकल्या. टक. टक. एक उडून इतोकाच्या गादीजवळ पडली, ती आधी शोधून उचलली. आठ महिन्यांच्या मुलीच्या तोंडात सगळं जग जातं. छाटल्या जागा गुळगुळीत घासल्या आणि कॉकपिट पोटाच्या भोकाशी नेलं.

ते आत गेलं. अडखळलं नाही. कुठेतरी आत, तिला न दिसणाऱ्या जागी, त्यांनी दोन बारीक पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर ते टिक करून टेकलं. विमान सुलटं केलं, तर आतला चिमुकला वैमानिक समोर बघत बसलेला. कोरा करकरीत. बाहेर इतकी काजळी, इतके ओरखडे, आणि याच्या अंगावर धुळीचा एक कण नाही... तिने हलवून पाहिलं. सुटत नव्हतं. वरची पारदर्शक टोपी तिने पांढऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने बसवली, झटपट चिकटणाऱ्याने टोपी धुरकटते एवढं तरी या वर्षात ती शिकली होती. इस्पितळाच्या खाटेशी बसून, त्यांच्या डाव्या हाताच्या खुणांवरून.

इनागाकी-सान चाराला दहा कमी असतानाच आले. एका हातात नव्या चहाची पुडी, दुसऱ्यात खोका. विमान पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे वा. बसवलंस? पोटातून?"

"पोटातून."

"तरी म्हटलं, हा लबाड खुंट्या कापल्याशिवाय राहायचा नाही." मग नळकांड्यांमागच्या काजळीकडे बोट दाखवत, "याची ही खोड मात्र मला बारा वर्षं पटलेली नाही. अंतराळात वारा असतो का? नाही ना? मग काजळी मागे पसरलीच कशी? विचारलं की म्हणतो, अरे, घरी परततं ना ते कधीतरी. घरी यायचं म्हणजे वाऱ्यातूनच यावं लागतं. घ्या! आता याच्यापुढे काय बोलायचं माणसाने?"

"उद्या विचारा परत," चिनामी म्हणाली.

"विचारणारच. खुर्चीत बसलाय म्हणून सोडतो की काय!" पण खोका बंद करताना त्यांचे हात, तात्सुओ-सानचे असते तसेच, एकेका कोपऱ्याशी थांबत होते.

ते गेले. इतोका उठली होती आणि रडत नव्हती, छताकडे बघत स्वतःशीच काहीतरी घोळवत होती — बा, बा, ब... अर्थ नसलेलं, ओलं, नुसतं ओठांचं. चिनामीने तिला उचललं. टेबलावर रिकामी औषधाची डबी होती आणि तिचं झाकण उघडं होतं. बाहेर कुणीतरी सायकल हाताने ढकलत नेत असावं, चाकाची टिकटिक हळूहळू लांब जात होती.

उद्या दोन वाजता. खुर्ची टेबलापाशी येईल, ते वाकून आधी नाक बघतील, मग पोट. मग वर बघतील. तेव्हा काय म्हणायचं... तिच्याही जिभेवर तेच दोन अक्षरांचं काहीतरी होतं. मुलीच्या तोंडून आत्ताच ऐकल्यासारखं, आणि तरी तेवीस वर्षांचं, डबीत ठेवलेलं, धूळ न बसलेलं. तिने ते म्हणून पाहिलं नाही. जबरदस्ती करायची गरज नव्हती. उद्या म्हटलं जाईल, नाहीतर पुढे कधी. जागा तर होतीच. खुंट्या कुणीतरी केव्हाच कापून ठेवल्या होत्या.