चटईखालचा पत्रा

दर्शनाचे बारसे झाले त्याच वर्षी, १९९८ साली, तिचे वडील खंडू यांनी मला चेंबूरला घरी आणले. मित्रांनो, मी पेट्रोलवर चालणारी एक छोटी, जुनी मोटार. अंगाने इतकी हलकी, की चिखलात रुतले तर चार माणसे मला उचलून बाहेर ठेवत.

खंडू मला रोज सकाळी धूत. बाहेरून झाले की दारे उघडून आतही बादलीभर पाणी मारत. त्यांची पत्नी शांताबाई खिडकीतून ओरडत, "तिला रोज आंघोळ, आणि मला म्हणे पाणी जपून वापर!" सोसायटीत माझे कौतुक होई. मी फुलून जाई.

पुढे शांताबाईंना फुप्फुसाचा आजार जडला. पेट्रोलचा धूर नाकात गेला की धाप लागे. बसची पायरी चढवेना. बोरीवलीला त्यांची थोरली बहीण मालन अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षे दोघींची भेट नव्हती. "एकदा अक्काच्या तोंडावरून हात फिरवून येते," एवढेच त्या म्हणत. म्हणून खंडूंनी जुनी गाडी विजेवर करून घ्यायचे ठरवले.

शेजारचे चंद्रप्रकाश आपली मोठी गाडी द्यायला तयार होते. मुलुंडचा मिस्त्री सिद्धेश दोन्ही बघायला आला.

"माझीच घे रे! लोखंड बघ. हत्ती आहे हत्ती!" चंद्रप्रकाश म्हणाले.

"हत्तीला चारापण हत्तीएवढाच लागतो ना, काका," सिद्धेश हसला. "एवढं वजन ओढायला बॅटरी किती घालू? ही हलकी आहे. थोडक्या बॅटरीत बोरीवलीला जाऊन परत येईल."

त्याने मला निवडले. सव्वीस वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

मग त्याने पायाखालची चटई उचलली. खालचा पत्रा पापडासारखा मोडला.

"काका, एवढं पाणी आलं कुठून?"

खंडूंनी मोडलेला तुकडा उचलून हातात घेतला. "मीच धुवायचो रे. रोज."

"आता बॅटरी ठेवू कशावर? सगळा तळ नवा करायला लागेल. दोन महिने जादा धरा."

"जाऊ देत," शांताबाई म्हणाल्या. "मी कुठं पळून चाललेय?"

मुलुंडला माझा गंजलेला तळ कापला, नवा जोडला. खंडू दर रविवारी येत. "झालं का रे?" एवढेच विचारत. माझ्याकडे मात्र बघत नसत.

डिसेंबरात मी चालू झाले. आवाज नाही, वास नाही. खंडू मला एकटेच बोरीवलीला घेऊन गेले. मालनबाईंची खाट तळमजल्यावर, खिडकीशीच होती. मला बघून त्यांनी विचारले, "शांता उतरत का नाही?" बहीण गेल्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते.

मित्रांनो, खंडूंना दोष देऊ नका. त्यांच्याइतकी माया मला कोणी केली नाही. पण तुम्ही कशावर माया कराल, तेव्हा वरची चकाकी बघून थांबू नका. अधूनमधून चटई उचला, खाली हात लावून बघा.

शांताबाई बुधवारी, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी वारल्या. मी तेव्हा मुलुंडला, चाके काढून ठोकळ्यांवर उभी होते.