बाभळीत रुतलेला कोयता

मी बाभूळ बोलतेय. अंगभर काटे घेऊन जन्माला आलेलीला गोड बोलता येत नाही, तेव्हा थोडं टोचेल.

शेवगाव तालुक्यात कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर एका शेळीच्या लेंडीतून मी उगवले. त्याच शेळीनं माझा पहिला शेंडा खाल्ला. मोठी झाल्यावर मी तिच्या साऱ्या खानदानाची तोंडं रक्ताळून सोडली. एकदा तर माझ्या एकाच काट्यानं ट्रॅक्टरचं टायर, ड्रायव्हरची चप्पल आणि त्याचा ताठा एका दमात फोडला. खोटं वाटत असेल तर टायरला विचारा.

माझ्या सावलीत कानिफनाथाची बायको रंगुबाई भाकर खायची. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायची. टोळीत एकट्या माणसाला घेत नाहीत, नवराबायकोची जोडी लागते. उसानं रंगुबाईची कंबर पार मोडली. यंदा चैत्रात ती परत आली ती काठी टेकत. तिनं मनाशी एकच धरलं होतं. कमरेएवढा उंच लाकडी वाफा करायचा, त्यात मेथी-कोथिंबीर लावायची, उभ्यानं खुडून बाजारात न्यायची आणि पुन्हा उसाच्या फडाचं तोंड बघायचं नाही.

कानिफनाथानं हौसेनं आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. गोऱ्यापान, गुळगुळीत. माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. वाळवी लागू नये म्हणून तो त्यांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासायला निघाला, तर रंगुबाईनं काठीनं डबाच लवंडला.

"ते मेथीत उतरंल. लोकांस्नी ऑइल खाऊ घालता व्हय?"

मग जमिनीतून वाळवीची फौज आली. फळ्या जिवंतपणी कुरतडल्या जात होत्या आणि मी बांधावरून मजा बघत होते. आषाढात माती भिजून फुगली आणि वाफ्याचं पोट फुटलं. चिखल, मेथीची मढी आणि भुगा, एवढंच उरलं. कानिफनाथ म्हणाला, झाली तुझी हौस, आता दसऱ्याला बोचकं बांध.

रंगुबाईनं काठी उचलली आणि माझ्यावर रोखली. "हिला पाडा."

इतकी वर्षं सावली दिली, त्याचं हे बक्षीस! मीही सुखासुखी पडले नाही. कुऱ्हाडीचे दांडे मोडले, कानिफनाथाच्या पोटरीत काटा खुपसला, पडता पडता त्याच्या सायकलीचा चेंदामेंदा केला. त्यानं करवतीनं माझे तुकडे पाडले आणि दगड बांधून मला नालाबांधाच्या पाण्यात बुडवलं. श्रावण गेला, भादवा गेला, मी पाण्याखालीच. लाकडातला रस पाण्यात उतरला की किड्याला चाखायला काही राहत नाही, अशी इथली रीत. पाणी कोऱ्या चहासारखं लाल झालं. एक म्हैस ते प्यायली आणि तिचं तोंड अजून वाकडं आहे.

बाहेर काढल्यावर कानिफनाथ मला तशीच ठोकायला निघाला. माझं वरचं पांढरं लाकूड तासायला त्याचा जीव होईना. एवढं चांगलं लाकूड वाया घालवायचं? रंगुबाईनं ऊसतोडीचा कोयता काढला.

"पांढरं ठेवलं तर वाळवीला आवताणच."

ओंडका ओट्यावर टेकवून तिनं उभ्यानंच मला सोललं. कुठल्या घावाला तिला कुठला हंगाम आठवत होता कोण जाणे, पण ते घाव नुसत्या लाकडावरचे नव्हते. ढलप्या उडाल्या, मी किंचाळले, आणि शेवटी माझा लालकाळा गाभा तेवढा राहिला.

वाफा उभा राहिला, मेथी उगवली आणि दसऱ्यानंतर पुंजाराम मुकादम टोळी जमवत दारात आला. वाफ्याला लाथ घालून म्हणाला, "वहिनी, मातीनं फुटंल हे. गुमान चला. कानिफनाथाला एकट्याला मी कशाला नेऊ?"

रंगुबाईनं कोयता दोन्ही हातांनी उचलून माझ्यात असा हाणला की पातं निम्मं आत गेलं.

"काढा. निगाला तर येते मी."

पुंजारामनं एका हातानं ओढला. मग दोन्ही हातांनी. मग माझ्या छातीवर पाय देऊन. मी दात आवळले. कड्कन मूठ निघाली आणि मुकादम मूठ हातात घेऊन चिखलात उताणा पडला. पातं माझ्याकडेच राहिलं.

तो कपडे झटकत गेला. कानिफनाथ घरात शिरला आणि आपला कोयता घेऊन बाहेर आला. रंगुबाईचा चेहरा उतरला. पण तो फाटकाकडे वळला नाही. नालाबांधातून काढलेला माझा दुसरा ओंडका त्यानं ओट्यावर ओढला आणि त्याचं पांढरं तासायला लागला.

आता दोन वाफे आहेत. वाळवी रोज येते आणि दात मोडून परत जाते. पातं गंजतंय, गंजू दे. लाकूड निवडायला निघालात तर वरचा रंग बघू नका, पोटातला गाभा बघा. आणि मेथी न्यायला या हवं तर, पण पात्याला हात लावू नका. ते मी सोडणार नाही.