पातळ कातडीचा गिअर

मित्रांनो, देवासच्या भंगारात एक दात तुटलेला जो गिअर पडला आहे, तो मी. एका ट्रकचा दुसरा गिअर होतो.

माझा जन्म पिथमपूरच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी अगदी मऊ होतो. आम्हा साठ जणांना कार्बनच्या भट्टीत ठेवलं. आठ तास तापवून तेलात बुडवलं, की वरची कातडी कडक होते आणि गाभा चिवट राहतो. मग दात सहसा झिजत नाहीत.

भट्टीवर मानाजी होते, बावीस वर्षांच्या अनुभवाचे. पाच तास झाले आणि शिफ्टचे साहेब आले.

"मानाजी भिया, काढा बाहेर. माल न्यायला गाडी उभी आहे."

"साहेब, कातडी पातळ राहील. दात टिकणार नाहीत."

"दिसायला तर सेम टू सेम दिसेल ना? काढा."

मानाजींनी भट्टी उघडली. शेवटी काळा लेप चढला आणि आम्ही खरंच सुरेख दिसू लागलो.

मी हाटपिपल्याच्या बापू मोहित्यांच्या ट्रकमध्ये बसलो. सतवासहून देवासला सोयाबीन न्यायचं. बापू कधी गिअर ओढून टाकत नसत. तेल वेळेवर बदलत. चढ संपला की म्हणत, "शाब्बास!" त्या शब्दाची मला लाज वाटे. माझे दात खरवडले जात होते, हे मला कळत होतं.

अकराव्या महिन्यात मी कण्हू लागलो. तेलात चमकणारी भुकटी पाहून मिस्त्री म्हणाला, "बापू, हे लोखंड आहे. गिअरचा डब्बा खोलना पडेगा."

बापूंनी ट्रकमालकाला लगेच फोन केला. मालक म्हणाला, "सीझन निघू दे."

चौथ्या दिवशी भरला ट्रक घाट उतरत होता. बापूंनी गाडी माझ्याच जोरावर रोखून धरली होती. माझा दात तुटला. गाडी सुटली. समोर शाळेची बस होती. एकट्या ब्रेकवर गाडी थांबेना, तेव्हा बापूंनी ट्रक डोंगरावर घातला. बस वाचली. बापूंचा उजवा पाय गेला.

चौकशीत लिहिलं गेलं, 'डिझेल वाचवण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली.' गिअरबॉक्स कोणी उघडलाच नाही. तो थेट भंगारात आला आणि इथल्या हातोड्याने फुटला.

एकदा बापू कुबड्यांवर इथे आले, बरोबर पत्नी नेहा. ट्रकचा सांगाडा पाहून नेहांनी हळूच विचारलं, "अहो, खरं सांगा, न्यूट्रल केली होती का?"

"नाही गं. दुसऱ्यातच होती."

त्या फाटकाकडे वळल्या. बापूंची मान खाली गेली. मी चार हातांवर पडलो होतो, तुटलेला दात वर करून. बापूंची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे सरकली.

मित्रांनो, माझ्याबरोबरचे एकोणसाठ अजून कुठल्या ना कुठल्या घाटात धावताहेत. त्यांना कोण थांबवणार? माझी हाक कोणाला ऐकू जात नाही. तुम्ही मोठे होऊन काही घडवाल, तेव्हा जे वरून दिसत नाही, तेही पुरं करा. बापूंना आता त्याचा उपयोग नाही. ते अजूनही भेटेल त्याला सांगतात, "गाडी दुसऱ्यातच होती." लोक मान हलवतात आणि निघून जातात.