आदी तुमी उचला

मी एक जुनी तांब्याची थाळी आहे, मुलांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी चिडलेली आहे. म्हातारपणी शांत व्हावं म्हणतात. मला नाही जमत.

भोरच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. उत्रोलीच्या पुढं डोंगराला टेकलेलं आमचं गाव. तिथल्या खंडोबाला मला वाहिलं. माझ्यात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवत. गावात कुणाचं भांडण मिटेना झालं, की माणूस माझ्यातला बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायचा. मग खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. सावळाराम नावाच्या शेतकऱ्यानं एकदा शेजाऱ्याचा बांध कोरला. चारचौघांत तावातावानं नाही म्हणाला, पण माझ्यापाशी येताच त्याचा हात थांबला. "म्याच कोरला," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बांध घालून दिला. दर सणाला मला चिंच लावून घासत. थाट होता माझा.

मग सरपंचपदाला हनुमंतराव उभे राहिले. पुण्याच्या लोकांना फार्महाऊससाठी जमिनी मिळवून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. देवळापुढं पत्र्याचा मंडप घालून देतो म्हणाले, आणि गेनू गुरवानं भोळेपणानं मला त्यांच्या टेम्पोत चढवलं. दारोदार फिरवलं मला. घरात पाकीट द्यायचं, आणि मत यांनाच देईन म्हणून माझ्यातला भंडारा उचलायला लावायचा. पाकीट घेऊन विसरणारे पुष्कळ, पण उचललेला भंडारा मोडणारं आमच्या गावात कुणी नाही. हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मला तोंड असतं तर मी तिथंच शिव्या घातल्या असत्या.

ते निवडून आले. वरच्या वाडीच्या झऱ्याशेजारची जमीन विकली गेली. यंदा झराही तारेच्या कुंपणात घ्यायचं घाटत होतं. उन्हाळ्यात सगळी वाडी त्याच झऱ्यावर जगते. म्हणून वाडीतली मंगल त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. तिच्याकडं वाटायला काही नव्हतं.

मला घेऊन पुन्हा टेम्पो निघाला. खालची आळी उरकून वाडीत आला. पहिलं घर फुलाबाईचं. एकटी बाई, लोकांच्या भातलावणीला जाऊन पोट भरणारी. तिच्या दारात सगळी वाडी जमली.

"उचला मावशी," हनुमंतराव म्हणाले. "देवाचं काम हाय."

फुलाबाईनं पाकिटाकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं मला दोन्ही हातांत घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"आदी तुमी उचला, हनुमंतराव. झऱ्याला कुंपण घालनार न्हाई म्हणून. मग म्या बी उचलते."

"ह्ये मतदारांसाठी हाय, मावशी."

"देव काय निस्ता मतदारांचा हाय व्हय?"

त्यांचा हात पुढं आला आणि अर्ध्यावर थांबला. सावळारामाचा थांबला होता तसाच. पण सावळारामानं खरं सांगितलं होतं. हे म्हणाले, "मला भोरला जायचंय, उशीर झाला."

म्हणजे भीती त्यांनाही होती, मुलांनो. वाडीनं ती डोळ्यांनी बघितली.

टेम्पो गेला, पण फुलाबाईनं मला सोडलं नाही. मला पदराखाली धरून ती देवळात आली. झालेलं सगळं ऐकून गेनू गुरवानं मान खाली घातली. "चूक माजी हाय. ज्यांनी भंडारा उचलला, त्यांनी पाकिटासंगट हितं आनून ठेवावा. देव शपथंतनं सोडवंल."

दोन दिवस खालच्या आळीची माणसं येत राहिली. कुणी उघड्यावर आलं, कुणी इकडंतिकडं बघत. सगळी पाकिटं गेनूनं पिशवीत भरून हनुमंतरावांच्या दारात ठेवली. सगळेच आले असं नाही. पण मंगल नऊ मतांनी निवडून आली.

निकालाच्या दिवशी ती गुलालानं माखलेलीच देवळात आली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं माझ्यातला भंडारा उचलला. "झरा गावाचा ऱ्हाईल. चुकले तर हीच थाळी माज्या दारात आना."

मुलांनो, उद्या तुम्हीही मत द्याल. मला चिंचेनं घासत राहा, काळी पडू देऊ नका. आणि पाकीट घेऊन कुणी दारात आलं, शपथ घ्या म्हणालं, तर लाजू नका. मला उचला आणि त्याच्यापुढं धरा. मी जड आहे, पण फुलाबाईच्या हातांना पेलले. तुमच्याही पेलेन.