एकेचाळीस वेळा मेलेला राक्षस

मित्रांनो, वीतभर उंचीचा, लाकडाचा आणि बराच जुना असा मी राक्षस आहे. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी कोणी किती राक्षस मारलेत, ते मला ठाऊक नाही.

सावंतवाडीच्या एका कारागिराने मला कोरून लाखेचे रंग चढवले. शेवटी दोन दात रंगवून तो बायकोला म्हणाला, “बरो दिसता.” माझ्या वाट्याला आलेली ही पहिली स्तुती. दुसरीची मी अजून वाट पाहतो आहे.

वालावलच्या लूर्डसबाईंनी मला घरी नेलं. त्यांच्या शोकेसमध्ये काचेच्या बदकाशेजारी मी अकरा वर्षं काढली. मी कोणाला खाल्लं नाही, कोणी मला पुसलं नाही. सुखाचा काळ होता तो.

मग त्यांची मुलगी रॉविना, जी शाळेत शिकवते, एक खेळ शिकून आली. कागदावर नकाशा काढायचा, वीस तोंडांचा फासा टाकायचा. रॉविना गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतले वीर. सिद्धेश तलवारवाला, सलोनी जादूगारीण. दोघंही कुडाळच्या कॉलेजात शिकणारी. राक्षस मात्र कोणालाच व्हायचं नव्हतं. तो मी झालो.

दर रविवारी दुपारी पडवीत मी मरू लागलो. मी आपला गुहेत बसलेला असे. हे वीर दार न वाजवता आत शिरत, मला मारत आणि माझी पेटी उघडून बघत. राक्षस मारला की वीराला गुण मिळतात. गुण साठले की तो आणखी मोठे राक्षस मारायला लायक ठरतो. याला प्रगती म्हणतात.

चाळीस वेळा मेल्यावर सिद्धेशनेच तक्रार केली.

“मी मारलेलो राक्षस परत परत कसो उठता? मारून उपयोग काय मगे?” त्याने नियम सुचवला. यापुढे मेलेली सोंगटी थेट न्हाणीच्या चुलीत.

“आणि फुडच्या रविवारी राक्षस खंयसून आणतलस?” सलोनीने विचारलं.

“सोड्याच्या बाटलेचा बूच ठेवूया.”

रॉविनाला वह्या तपासायच्या होत्या. ती “बरा” म्हणाली. माझ्या मरणाची शिक्षा एवढ्याशा शब्दात झाली, मित्रांनो, आणि तो शब्द एका शिक्षिकेचा होता.

पुढच्या रविवारी फासा एकोणीसवर पडला. “राक्षस मेलो,” म्हणत सिद्धेशने मला उचललं. एकेचाळिसावं मरण. तेवढ्यात त्याचे वडील सत्यवान त्याला काजूच्या बागेत न्यायला आले आणि पायरीवर थांबले. सत्यवान दशावतारात काम करतात. तीस वर्षं राक्षसाचंच.

“मेलो? बोललो काय तो?”

“बाबा, तो बोलणा नाय. तो नुसतो मरता.”

“मी तीस वर्सां मरतंय. बोलल्याशिवाय एकदाव मराक नाय.”

दशावतारात राक्षस आधी येऊन आपलं म्हणणं मांडतो. देवाशी वाद घालतो. ते झाल्याशिवाय युद्धाचा ताल वाजतच नाही. सत्यवान खाली बसले, सिद्धेशच्या मुठीतल्या माझ्याकडे एकदा बघून माझ्या वतीने रंगभूमीवरच्या खणखणीत भाषेत म्हणाले, “हे वीरा, पादत्राणांसह माझ्या गृहात शिरलास. माझा अपराध कोणता?”

“तू राक्षस.”

“ते आम्हांस विदित आहे. अपराध सांग.”

सिद्धेश रॉविनाकडे वळला. “गो, ह्येना कोणाक तरी खाल्लेला आसतला मां?”

रॉविनाने तिची वही चाळली. “मी तसा काय लिवक नाय. ‘गुहेत राक्षस’ इतक्याच लिवलंय.”

“आणि आधीचे चाळीस?” सलोनीने विचारलं.

रॉविनाने वही मिटली.

“खेळ आसा बाबा, लाकूड आसा तां. मेलेली सोंगटी चुलीत, असो माझो नियम आसा.” सिद्धेशचा आवाज चढला होता.

“मगे घाल चुलीत. नियम तुझोच. पण गुन्हो त्याच्या तोंडार सांगून घाल. माका मारूक देव येता, तो सुद्धा आधी कारण सांगता. तू देवापेक्षा मोठो?”

सिद्धेश तरातरा न्हाणीत गेला. चूल पेटलेली होती. त्याने मला जाळाच्या तोंडाशी धरलं. माझ्या डाव्या खांद्यावरची लाख मऊ झाली, तिला फोड आले. मी त्याच्याकडे बघत होतो. माझे डोळे मिटण्याच्या सोयीचे नाहीत. हात भाजला तसा त्याने तो बदलला, मला सोडलं नाही.

“तुझो काय गुन्हो नाय,” शेवटी तो हळूच म्हणाला. “माका जिंकूचा होता.”

हे बोलल्यावर त्याचा हात पुढे जाईना. मला चुलीच्या कडेवर ठेवून तो वडिलांमागे बागेत गेला. जाताना त्याने वळून बघितलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही खेळा. राक्षस मारायचा असेल तर मारा. तुमच्या हाती तलवार आहे, माझ्या हाती काही नाही. फक्त मारण्याआधी ‘तुझो काय गुन्हो नाय, माका जिंकूचा होता’ हे सिद्धेशचं म्हणणं राक्षसाच्या तोंडावर, मोठ्याने म्हणून बघा. आणि लाकडाच्या वस्तू आगीपासून लांब ठेवा, कधीमधी तेलाचा हात फिरवा.

सिद्धेश रविवारी अजून येतो. मला बघितलं की आधी चपला काढतो. मी त्याला माफ केलेलं नाही.