शाळेच्या जाहिरातीतली ताई

घरात कुणी पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत प्रश्न यायचा, "काय, ताई परत कधी जाणार?" आणि आई हसून सांगायची, "सुट्टीवर आलीये हो. दमली होती पोर." परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेली ताई थंडीत परत आली होती. आता घरोघरी पंखे फिरू लागले, तरी तिची सुट्टी काही संपत नव्हती! पाहुणेही भले असतात. सगळं कळतं त्यांना, पण चहा संपेपर्यंत तोंडावर बोलत नाहीत.

ताई स्वतः काहीच बोलायची नाही. वाढलं तर जेवायची, हाक मारली तर वळून बघायची. उरलेला वेळ खिडकीशी बसून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे बघायची. तिला वाईटही वाटत नसे. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल बधिर असतो ना, तसं तिचं आतलं सगळं झालं होतं.

एका संध्याकाळी शेजारची धाकटी उड्या मारतच आली. शिक्षिका होण्याची परीक्षा पास झाली, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत.

"ताई, मला तुझ्याच शाळेत नोकरी लागली! रविवारी विमान. तिकडे थंडी किती असते गं?"

स्वयंपाकघराच्या दारातून आईने ताईकडे बघून डोळे वटारले.

"जाड स्वेटर घे," ताई म्हणाली.

नेमकी त्या दिवशी आत्या मुक्कामाला आली होती. तिचा जन्म मुख्याध्यापिका म्हणून शिक्षक नेमण्यात गेलेला. समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

"मुलाखत कशी झाली गं?" तिने धाकटीला विचारलं.

"दहा मिनिटांत! आणखी एक शाळा होती, पण काय त्यांची कटकट! आधी नमुन्याचा तास घेऊन दाखवा, मग आमच्या एका शिक्षिकेशी तुमचं तुम्ही बोला, वर कामाचा परवाना हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका. हे लोक म्हणाले, पर्यटक म्हणून या, परवान्याचं इथे आल्यावर बघू."

"आणि तू ती सोडून ही धरलीस?"

"यांच्या जाहिरातीच्या व्हिडिओत आपली ताई आहे ना! काय छान हसतेय. मग आणखी चौकशी कशाला करायची?"

ताई कपडे बघत राहिली.

धाकटी गेल्यावर आत्याने आईला गाठलं. "ही सुट्टी कसली आहे, ते मला खरं सांग."

"वन्सं, झालं ते झालं," आई हळू आवाजात म्हणाली. "फसून आली म्हटलं की लोक काय म्हणतील? पोरीचं अजून जमायचंय. आणि धाकटीला चांगला अनुभव येईलही, कुणी सांगावं?"

"मी सांगते! दहा मिनिटांत घेतात त्यांना शिक्षक नको असतो, नुसता माणूस हवा असतो. चांगली शाळा आपल्याला चार प्रश्न विचारते आणि आपल्यालाही आठ विचारू देते. पण माझं त्या पोरीला पटायचं नाही. तिने ताईला हसताना पाहिलंय!" मग आत्या खिडकीशी आली. "ताई, फसवलं त्यांनी. मग लाज तू का बाळगतेस?"

ताईने समोरच्या कपड्यांवरून नजर काढली. मग उठली, चपला पायात सरकवल्या आणि शेजारी गेली.

धाकटी बॅग भरत होती, तिची आई घड्या करून देत होती. ताईने उभ्या उभ्याच सांगितलं, वेळापत्रक वाचून दाखवावं तशा आवाजात. नोंदणीसाठी म्हणून पासपोर्ट घेतला, तो परत देईनात. करार तिला न कळणाऱ्या भाषेत होता. सकाळी लहान मुलं, दुपारी मोठी, संध्याकाळी कंपन्यांमधली माणसं, आणि जेवण मधल्या वेळात उभ्यानेच. तक्रार कुणाकडे करणार? कामाचा परवानाच नव्हता. उलट तीच गुन्हेगार ठरली असती.

"पण मग तू हसत होतीस ते?" धाकटीने विचारलं.

"पासपोर्ट हवा असेल तर शाळेबद्दल चार चांगले शब्द बोल, म्हणाले. तीनदा घ्यावा लागला तो व्हिडिओ. आधी मला हसू येत नव्हतं. हसले, तेव्हा कुठे पासपोर्ट मिळाला."

धाकटीने बॅग भरायची थांबवली. तरी मन मानेना. तिने लगेच शाळेला फोन लावला आणि तिथल्या एखाद्या शिक्षिकेशी एकटीशी बोलायला मिळेल का, असं विचारलं. पलीकडचा आवाज गोडच होता. आमच्याकडे तशी पद्धत नाही, एवढीच शंका असेल तर जागा दुसऱ्या कुणाला देतो, आत्ताच्या आत्ता सांगा!

धाकटीने फोन बंद केला आणि ती ताईवरच भडकली.

"आलीस तेव्हाच का नाही सांगितलंस? मी रोज तुमच्या दारावरून जात होते! त्या चांगल्या शाळेला मी नाही म्हणून कळवून बसले!"

उत्तर दारातून आलं. आई ताईच्या मागोमाग येऊन उभी होती.

"तिला नको रागावू. मीच तिला गप्प बसवलं," आई म्हणाली. "मी आमची अब्रू सांभाळत बसले. तुला सांभाळायचं मला सुचलंच नाही गं!"

मग तिने धाकटीच्या आईला जवळ बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. पासपोर्टचं, कराराचं, आणि आपण रचलेल्या सुट्टीचंसुद्धा. ताई ऐकत होती. तिला रडू आलं नाही, फारसं हलकंही वाटलं नाही. फक्त कितीतरी दिवसांनी भूक लागल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि तिने ते आईला सांगितलं.

वाचकहो, परदेशात शिकवायला जरूर जा. पण कामाचा परवाना आधी मिळवा, करार समजेल त्या भाषेत मागा, पासपोर्ट कुणाच्या हाती ठेवू नका, आणि आज तिथे शिकवणाऱ्या माणसाशी एकांतात बोला. ज्या शाळेला यातलं काहीही नको असेल, ती तुम्हालाही नको. आणि तुमच्या घरात कुणी फसून परत आलं असेल, तर त्याला बोलू द्या. धाकटीने रविवारचं तिकीट रद्द करून त्या चांगल्या शाळेला पुन्हा कळवलं, तेव्हा तिथली जागा भरली होती. आपण चार लोकांच्या भीतीने तोंड मिटून बसतो, आणि भोगावं शेजारच्या पोरीला लागतं!